मुरबाडचा समुद्री बुरूज

समुद्र दिसत नसला तरी समुद्रावर नजर ठेवलीच पाहिजे, असं मानणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि ते नेमके आमचे व्याही आहेत. मुरबाडकडच्या एका साध्या गवंड्याच्या घरात मुलगी दिली, असं मी शहापुरात सांगत फिरलो होतो. त्यातलं ‘साध्या’ पुढे गाळलं.

तरुणपणी ते किनाऱ्यावरच्या एका जुन्या टेहळणी बुरुजाच्या डागडुजीला गेले होते. चार महिन्यांनी अंगाने तेवढे परत आले. भात पिकलं की रानडुकरं येतात, म्हणून आमच्याकडे शेतात राखणीला लाकडी माळा बांधतात. व्याह्यांनी दगडी बुरूज बांधला. चुन्यात गूळ घालून तो मळला, त्या दिवसांत विहीणबाईंनी बिनगुळाचा चहा पाजला. बुरूज गोल का, तर तोफेचा गोळा घसरून जावा. पायाशी रुंद का, तर लाटांनी ढासळू नये. पश्चिमेची भिंत हातभर जास्त जाड, कारण गलबतं तिकडून येणार. डुकरं पूर्वेच्या जंगलातून यायची, ते सोडा. दार पुरुषभर उंचीवर. आत शिरायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची. किनाऱ्यावर एका बुरुजावरून दुसऱ्याला धुराने खूण करत, तसा हे ओला पेंढा जाळून घरी चहा मागवत.

“फोन हाय ना खिशात?” विहीणबाई विचारायच्या.

“फोनची रेंज जाते. धुराची नाय जात.”

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि शिडी सुटली. शत्रूला आत येता येऊ नये म्हणून केलेल्या दाराने त्यांनाच बाहेर ठेवलं. आमचे जावई खाली दार फोडायला छिन्नी-हातोडा घेऊन आले, तर हे भिंतीला पाठ लावून बसले.

“खाली दार पाडलं तर ती खोपी झाली. मी नाय चढलो तरी चालंल.”

चालणार नव्हतं. डोळे वरच्या दारावरच होते. मला फार वाईट वाटलं.

“व्याही, तुमी तरी जा वर,” ते म्हणाले. जन्मभर कचेरीत बसलेला मी, धापा टाकत चढलो. शिडी ओढून घ्यायला त्यांनी खालून बजावलं, तीही ओढली. वरून पिवळं पडलेलं भात दिसलं, घरांची कौलं दिसली, लांब डोंगर दिसले.

“पश्चिमेला बघा. गलबत दिसतं काय?”

मी खरोखरच डोळ्यांवर हात धरून पाहिलं. “नाय दिसत.”

“नीट बघितलंत?”

“बघितलं.”

“मग बरं,” असं म्हणून ते काठी टेकत घराकडे निघाले. मी आता दर रविवारी मुरबाडला जातो. मुलीला भेटायला जातो असं शहापुरात वाटतं, आणि तिलाही तसंच वाटतं. पण मी आधी शिडी चढतो.