सूर्यभानची बांग

सूर्यभान माळ्याला माणसांपेक्षा रानकोंबड्यांशी बरं बोलता येतं, असं गावातले लोक म्हणत. म्हणत ते टोमणा म्हणून. सूर्यभान मात्र ते प्रशस्तिपत्रासारखं खिशात घालून फिरायचा.

अंजनगावच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची दीड एकराची बाडी होती. वांगी, मेथी, कडेनं झेंडू. बाडीचं कुंपण संपलं की सरकारी जंगल सुरू. बुधवारी अंजनगावच्या बाजारात तो टोपली मांडून बसे, आणि आठवड्याभराचं त्याचं बोलणं तिथंच उरकून जाई: "ताजी हाय", "नाई परवडत", "घ्या मंग". घरात दोघांच्या वाटचं बोलायचं काम वच्छलाकडे होतं, आणि तिनं ते वीस वर्षं एक दिवस रजा न घेता केलं. चार वर्षांपूर्वी तापानं ती गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून घरात आवाज म्हणजे चुलीतल्या लाकडांचा आणि छपराच्या कवेलूंवरून पळणाऱ्या खारीचा.

हिवाळा लागला की तो जंगलखात्याच्या रेंज हापिसातून शिकारीचा पास काढायचा आणि ठासणीची बंदूक घेऊन पहाटे नाल्यात जाऊन बसायचा. साधा नियम होता: पास असेल त्याला जंगल मोकळं. पासाच्या पाठीवर नागपूरच्या सरकारनं बारीक अक्षरात पुष्कळ कलमं छापली होती. काय मारू नये, कधी मारू नये, दंड किती. फक्त एक गोष्ट सरकारच्या ध्यानातून सुटली होती. एकाच नाल्यात दोन पासवाले बसले आणि दोघंही रानकोंबड्यासारखे ओरडू लागले, तर कोणी कोणावर गोळी झाडायची?

कारण रानकोंबडा शोधत फिरून मिळत नाही. त्याला बोलवावं लागतं. झुडपाआड बसायचं, गळा आवळून त्याच्यासारखी बांग द्यायची, की आपल्या हद्दीत हा कोण शिरला म्हणून खरा कोंबडा तणतणत येतो. पण ती बांग माणसालाही ऐकू येते. तोही बंदूक घेऊन, पावलं चोरत, आवाजाच्या रोखानं येतो. शिकारी जितका कसबी, तितका त्याच्या जिवाला धोका. आणि सूर्यभानच्या बांगेला तर खऱ्या कोंबड्याही फसायच्या.

म्हणून पायथ्याच्या लोकांनी आपली कलमं आपणच केली होती. नाल्यात पहिला शिरेल त्यानं तोंडाशी असलेल्या मोहाच्या झाडाला फडकं बांधायचं. दुसऱ्यानं ते पाहून मुकाट्यानं पुढचा नाला धरायचा. डोक्याला लाल काही गुंडाळायचं नाही, कोंबड्याचा तुरा लालच असतो. बसताना पाठीशी जाड खोड घ्यायचं. आणि कोणी माणूस येताना दिसलाच, तर हात हलवायचा नाही, शीळ घालायची नाही. सरळ माणसाच्या आवाजात बोलायचं. सगळ्यात मोठं पाप म्हणजे दुसऱ्याच्या आवाजावर जाणं.

नेमकं याच पापापायी सूर्यभान आणि शेषरावाचा अकरा वर्षांचा अबोला होता.

शेषराव अकोट तालुक्यातला, कुणबी, काळ्या जमिनीचा धनी. सूर्यभानचा जिल्हा अमरावती, त्याचा अकोला, पण नाल्याला जिल्हा कळत नाही. दोघं जिवाचे दोस्त, आणि बांग देण्यात एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. एकोणीसशे तेवीस सालच्या हंगामात, माघात, एका कोंबड्यावर दोन बंदुका एकदम वाजल्या. कोंबडा एकच पडला. शेषराव म्हणाला, "तू माह्या आवाजावर आला." सूर्यभान म्हणाला, "मी इथं आधीपासून बसून राहिलो होतो." शब्दानं शब्द वाढला. शेवटी शेषराव म्हणाला, "आता जो पयले बोलन तो हारला." आणि दोघंही असे कसलेले शिकारी, की गप्प बसण्यात कोणाची हार व्हायची नव्हती.

कोंबडा तिथंच राहिला. तो कोल्ह्यानं नेला असावा. त्या भांडणात नफा झालेला तो एकटाच.

पुढची अकरा वर्षं दोघांची गाठ पडत होती ती फडक्यांची. शेषरावाचं फडकं दिसलं की सूर्यभान दुसऱ्या नाल्यात जाई, पण आधी क्षणभर ते निरखून पाही. हिरवी चिंधी म्हणजे जुनं लुगडं फाटलं. एकदा जरीच्या काठाची चिंधी होती. म्हणजे घरात लग्न झालं. कोणाचं, ते कळायला मार्ग नव्हता, कारण विचारणं म्हणजे बोलणंच की. वच्छला गेली तेव्हा शेषराव आला होता. स्मशानात एका कडेला उभा राहिला आणि तसाच निघून गेला. सूर्यभानला अग्नी दिल्याचं नीट आठवत नव्हतं. ती पाठमोरी आकृती मात्र आठवत होती.

चौतीस सालच्या हंगामात दिवाळीपासून शेषरावाचं फडकं दिसलंच नाही. सूर्यभानच्या मनात नको नको ते आलं. बाजारात केळी विकणारी मैनाबाई शेषरावाच्याच गावची. तिला विचारावं म्हणून तो दोनदा तिच्या टोपलीपाशी गेला आणि दोन्ही वेळा केळी घेऊन परतला. केळी त्याला आवडत नसत.

माघात एका पहाटे तो नाल्यावर आला. मोहावर कोणाचं फडकं नव्हतं. त्यानं आपलं बांधलं. या वर्षी गावच्या बकऱ्या इथवर येऊन फडकी खाऊ लागल्या होत्या, म्हणून त्यानं हात उंचावून ते वरच्या फांदीला बांधलं, नि आपल्या हुशारीवर खूश होत आत शिरला. धावड्याच्या खोडाला पाठ टेकून बसला. धुकं विरळ झालं तशी त्यानं बांग दिली.

खालून उत्तर आलं नाही, पण सागाच्या वाळलेल्या पानांत काहीतरी वाजलं. माणूस चालतो तो एका लयीत चालतो. पानं चरक-चरक बोलतात. कोंबडा खरडतो, थांबतो, परत खरडतो. हे खरडणं होतं, मधे थांबणं होतं. सूर्यभाननं अजून एक बांग दिली. खरडणं जवळ आलं. त्यानं बंदुकीचा घोडा चढवला आणि करवंदीच्या जाळीवर नेम धरला.

जाळीतून आधी दुसऱ्या बंदुकीची नळी बाहेर आली.

मागून शेषराव. थकलेला, गालफडं बसलेली. एक पाय पुढे सरकवून जमीन चाचपायचा, मग दुसरा उचलायचा. म्हणून ते खरडणं. डोळ्यांत दूध सांडल्यासारखं पांढरं. नळी धावड्याच्या खोडावर रोखलेली, आणि ती हलत नव्हती. कान अजून तरणेबांड होते.

अंतर असेल पंधरा-वीस पावलांचं. सूर्यभाननं आपली बंदूक जमिनीवर टेकवली, तर काडी मोडली. नळी बोटभर खाली आली. आता ती बरोब्बर त्याच्या छातीवर होती.

बोलायचं. नियम ठाऊक होता. बाकीच्यांना त्यानंच शिकवला होता. पण अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय यावं? सूर्यभानच्या डोक्यात आलं, मी पयले बोललो तर हारलो. मरण वीस पावलांवर, आणि हा गडी अकरा वर्षांची पैज मोडावी की नाही याचा विचार करतोय!

विचार झाला आणि त्यानं तोंड उघडलं. चार दिवसांत त्या गळ्यातून माणसाचा शब्द निघाला नव्हता. सकाळपासून निघाली होती ती बांगच. भीतीनं आवळलेल्या गळ्यातून बाहेर पडलं ते बारीकसं, अगदी अस्सल, "कुक्, कुक्."

शेषरावाच्या तोंडावर हसू पसरलं. त्यानं दस्ता गालाला लावला.

"मानूस हाय!" सूर्यभान किंचाळला. "अबे, मानूस हाय इथं!"

चापावरचं बोट थांबलं. शेषराव मान वाकडी करून ऐकत राहिला.

"कोन?"

"मी."

"मी कोन? बोलनाऱ्याले नाव नसते का, बाप्पा?"

सूर्यभानला गोळी लागली नव्हती, पण हे लागलं. अकरा वर्षांत आपला आवाज त्याच्या कानातून पुसून गेला. कोंबड्याचा ओळखीचा राहिला, माणसाचा गेला.

"सूर्यभान."

मग शेषरावानं घोडा हळूच उतरवला, बंदूक पुढ्यात ठेवली आणि होता तिथं पानांत बसला.

"फडकं काहून नाई बांधलं तूनं?"

"बांधलं. वर बांधलं. बकऱ्या खातात."

"मी खोड चाचपलं. सारं खोड चाचपलं, गड्या. काही नाई लागलं हाताले. मंग माह्यं बांधलं अन् आत आलो." त्यानं डोळे पुसले, पुसून काही दिसणार नव्हतं तरी. "मले वाटलं, खराच हाय. एवढी बांग आता कोन देते?"

सूर्यभान जवळ जाऊन बसला. तंबाखूची चंची काढली, मळली, अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली.

"तू पयले बोलला," शेषराव म्हणाला.

"बोललो."

"म्हंजे तू हारला."

"हारलो, बाप्पा. अन् त्या टायमालेही मीच आलो होतो तुह्या आवाजावर. आधीपासून नव्हतो बसलो."

"मले मालूम होतं." शेषरावानं तंबाखू दाढेखाली सारली. "वहिनीच्या टायमाले आलो होतो मी. तूनं मान वर केली असती, तर बोललो असतो."

"मान वर होत नव्हती."

"हो. ते मले मागून समजलं."

खाली नाल्यात एक खरा कोंबडा आरवला. दोघांनीही सवयीनं कान टवकारले आणि दोघांनाही एकदमच हसू आलं. सूर्यभानला वाटलं, सूर्य असाच इथं अडकून राहावा. पण ती दुसरी बंदूक दोघांच्या मधे पडली होती, आणि तिच्याबद्दल कोणीतरी बोलायला हवं होतं. हरलेल्या माणसाचीच पाळी होती.

"शेष्या, डोये कधीपासून गेले?"

"गेले कुठं? धुकं दिसते."

"धुकं नव्हतं एवढं. घरच्यांईले मालूम हाय?"

"किसनाले सांगतलं, थोडं कमी दिसते म्हनून. तो खाली बंडी घेऊन बसला हाय. पोरगं बंदूक हिसकून घेईन, म्हनून जास्त नाई सांगतलं." मग घाईघाईनं, "माहे कान चालतात ना पन!"

"कानानंच मारून राहिला होता तू मले."

"आता तू फडकं खाली बांधत जाय. मी चाचपीन. तू या नाल्यात, मी त्या नाल्यात. पयल्यासारखं."

"अन् एखादी गोंडीन लाकडं वेचाले आली तर? ते कोठं बांधते फडकं?"

शेषराव पानांतली एक काडी मोडत राहिला.

"बंदूक घरी ठेव," सूर्यभान म्हणाला. "नुसता ये. माह्या बाजूले बसून बांग दे. मी मारतो, तू खाय."

एवढं एका दमात तो वच्छला गेल्यापासून कोणाशी बोलला नव्हता. त्यात त्याची सगळी मिळकत होती. शेषरावानं ते तोललं आणि परत केलं.

"बंदुकीबिगर जंगलात मी काय काड्या वेचू? पाटलासारखा आलो जल्मभर. आता तुह्या बाजूले बाहुल्यासारखा बसू?" मग आवाज खाली आणून, "किसनाले सांगू नको, सूर्या. आपल्या दोघांतच राहू दे. एवढा हंगाम."

सूर्यभाननं हो म्हटलं असतं तर पुढच्या आठवड्यात मोहाला हिरवी चिंधी दिसली असती. पुन्हा भेट झाली असती, पुन्हा अर्धी तंबाखू. त्याला ते सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला हातभरावरचं त्याचं तोंडही दिसत नव्हतं.

त्यानं दोन्ही बंदुका एका खांद्यावर घेतल्या आणि दुसऱ्या हातानं शेषरावाचा दंड धरला. दगड आला की "पाय उचल" म्हणत, फांदी आली की "वाक" म्हणत त्याला खाली आणलं. शेषराव निमूट चालला. त्याला वाटलं, ठरलं आपलं.

बंडीपाशी किसन उभा होता. बापाला या माणसाच्या हाताला धरून येताना पाहून त्याचा आ वासला.

"किसनराव," सूर्यभान म्हणाला, "तुह्या बापाची बंदूक तहसिलीत जमा करून टाक. यायले दिसत नाई. आज माह्या छातीवर नेम होता."

शेषरावानं दंड सोडवून घेतला. चाचपत चाकावर पाय ठेवला, वर चढला आणि तोंड फिरवून बसला. बैल चालू लागले. सूर्यभान वाट पाहत राहिला की तो निदान शिवी देईल. शेषरावाला इरसाल शिव्या येत. बंडी वळणाआड गेली तरी त्यानं दिली नाही.

या वेळचा अबोला खरा होता. मागचा दोघांनी मिळून धरलेला होता.

त्या हंगामात सूर्यभानला नाल्यात कसलाही धोका उरला नाही. वर बांधा, खाली बांधा, नाहीतर बांधूच नका; येणारं कोणी नव्हतंच. त्याला आठ कोंबडे मिळाले. एका माणसाला एक कोंबडा दोन दिवस पुरतो आणि तिसऱ्या दिवशी नकोसा होतो.

आठवा त्यानं बुधवारी पानात गुंडाळून बाजारात नेला आणि मैनाबाईच्या टोपलीत ठेवला.

"शेषरावच्या घरी दे. कोनं देल्ला ते सांगू नको."

"मंग काय आभायातून पडला म्हनू?"

"तसं म्हन."

पुढचा बुधवार यायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले. मैनाबाई आली, केळी मांडली, गिऱ्हाईकं केली, दोन घास भाकरी खाल्ली. सूर्यभान आपल्या वांग्यांवरून तिसऱ्यांदा पाण्याचा हात फिरवत होता. शेवटी न राहवून तो उठला.

"देल्ला का?"

"देल्ला. रांधला. खाल्ला साऱ्यायनं."

"तो काही म्हनला?"

"म्हनला ना. म्हने, कोंबडा म्हतारा हाय, दात लागत नाई."

सूर्यभान थांबला. "अजून?"

"अजून काय म्हनन? हाडं चोखून राहिला होता." तिनं केळीचा एक घड त्याच्यापुढे केला. "घेतं का? दर खेपी तं घेतं."

"नाई," सूर्यभान म्हणाला. "मले केळी आवडत नाई." आणि आपल्या टोपलीपाशी जाऊन बसला.