लॅपटॉपला बाबांनी दिलेली ओ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात तो कधी शिरलाच नाही. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि देव्हारा गेला... त्याच्या मागोमाग भूतंही गेली. कुणाच्या अंगात आलं की बाबा म्हणायचे, "बादलीभर पानी टाका त्याच्यावर, आपोआप उतरते." इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते टाइमपास म्हणून, आणि खरं सांगायचं तर हसतेसुद्धा. आता हसायची पाळी तुमची.

आम्ही वरठीचे. स्टेशनच्या पाटीवर 'भंडारा रोड' लिहिलंय, तेच हे गाव. बाबा इथल्या एका कारखान्यात होते. भट्टीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय अशी लागली, की घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या शेवंताकाकी मीठ घेऊन यायच्या.

आणि या माणसाला लकवा झाला. हात-पाय हळूहळू वळणावर आले, पण बोलणं गेलं ते गेलंच. भंडाऱ्याच्या स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "आवाज शाबूत आहे, समजतंही सगळं. पण ते प्रयत्नच करत नाहीत. असेच गप्प राहिले तर पुढे कठीण आहे." त्या वाक्याने माझी झोप उडाली. आईला जाऊन काही वर्षं झाली होती आणि तिचा आवाज मला आता नीट आठवत नाही. बाबांचाही असाच विसरणार की काय?

मी नागपूरच्या ऑफिसचं काम घरून मागून घेतलं. पण नुसती तारांबळ! लॅपटॉप एका खोलीत, फोन बाबांच्या खाटेपाशी व्यायामाचे व्हिडिओ दाखवतोय, आणि ऑफिसचा ओटीपी नेमका त्याच फोनवर. दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत. शेवटी पुण्याहून धाकटा भाऊ मिलिंद वैतागला. "ताई, फोन लॅपटॉपले जोडून टाक न! कायले धावून राहिली?"

व्हिडिओ कॉलवर त्याने सगळं करवून घेतलं. लॅपटॉप बाबांच्याच खोलीत टेबलावर आणला, फोन केबलने जोडला — 'टिडिंग!' — आणि मेसेज, ओटीपी, कॉल, फोटो, सगळं लॅपटॉपवर. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. बाबांचे व्यायाम मोठ्या स्क्रीनवर, भीमगीतं मोठ्या आवाजात, मिलिंदच्या पोरांचे फोटो... आईचेसुद्धा. बाबा बघायचे. डोळे भरायचे. पण तोंडातून शब्द नाही.

मग फोनचीच पिन सैल झाली. एका सकाळी काकींना बाबांजवळ बसवलं आणि भंडाऱ्याला जाऊन फोन दुरुस्तीला टाकून आले. तपासायला लागेल म्हणून दुकानदाराने केबलही ठेवून घेतली. हे लक्षात ठेवा... फोन भंडाऱ्यात, केबल भंडाऱ्यात.

मी परतल्यावर काकी घरी गेल्या. लॅपटॉप टेबलावर नुसताच सुरू होता. मी स्वयंपाकघरात भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढायला घेतलं. आणि आतून आवाज आला.

टिडिंग-टिडिंग... टिडिंग.

दोन लागोपाठ, जरासं थांबून एक. भात काढता काढता माझा हात गंजातच राहिला.

ही खूण तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगते. बाबा पाळी संपवून आले की थेट घरी कधीच यायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली सायकली टेकवून दोस्तांशी गप्पा. आई काही हाका मारणारी नव्हती. ती दारात येऊन सराट्याने, म्हणजे उलथन्याने, तवा वाजवायची. दोनदा भरभर, थांबून एकदा. की लगेच कडुनिंबाखालून बाबांची आरोळी, "येऊन राहिलो व!" दोस्त हसायचे, "जा भाऊ, सायरन झाला!" आई गेली आणि तवा मुका झाला. इतका, की बाबांना बोलतं करायला मी काय काय केलं, पण तवा वाजवून बघावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि मग बाबांच्या खोलीतून... फाटका, घोगरा, पण आवाज.

"ये... ऊन... राह्यलो व."

मी वरणाची पळी घेऊनच धावले. बाबा खाटेवर उठून बसले होते आणि पायाने चपला शोधत होते. माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होते. भिंतीपलीकडून काकी ओरडल्या, "पोरी, तुहे बाबा बोलले का व?" मी जमिनीवर फतकल मारून लहान पोरीसारखी रडत बसले होते.

काकींचा फोन घेऊन मिलिंदला सांगितलं. तोही रडला, पण इंजिनीअर पडला ना... लगेच उलटतपासणी. "माऊस लागून होता का?" मी माऊस वापरतच नाही. "पेनड्राइव्ह?" नाही. "मेसेज आला असन." मेसेजचा आवाज वेगळा असतो. मग मीच त्याला एक विचारलं. जोडलेलं काढल्याशिवाय पुन्हा जोडता येत नाही. केबल काढतानाचा तो उतरता 'टुडुंग' मधे वाजायला नको? तो वाजलाच नव्हता. नुसतं जोडलं जाणं, तीनदा. शेवटी मिलिंद म्हणाला, "ताई, लॅपटॉप बदलू नोको."

थेरपीच्या मॅडमचं म्हणणं, ओळखीच्या आवाजाने कधीकधी जुनं वाक्य सुटून येतं. ते पटलं. पण तो आवाज केला कुणी, यावर त्यांनीही खांदे उडवले. लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला दाखवला, काही निघालं नाही. तसं पुन्हा कधी वाजलंही नाही. मी आजही भूत मानत नाही. मग ते काय होतं, तेही मला सांगता येत नाही.

आता जेवायच्या वेळी मीच सराट्याने तवा वाजवते आणि बाबा ओ देतात. एकाचे दोन, दोनाचे चार शब्द होत गेले. परवा तर वरणात मीठ कमी म्हणून मला झापलं... काकी मीठ घेऊन हजर!

एक सांगायचं राहिलं. फोन दुरुस्त होऊन आला, त्या दिवशी मी तो बाबांसमोर मुद्दाम लॅपटॉपला जोडला. टिडिंग झालं. बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाबा, ओ नाही दिली?"

"हे... फोनचं हाये," ते म्हणाले.

"आन् त्या दिवशीचं?"

बाबा माझ्याकडे बघून हसले. किती महिन्यांनी! मग खाटेवरून पाय खाली सोडले आणि चपला शोधू लागले.

"चाल. भात थंडा होऊन राह्यला... तुही माय चिडन."