ओली फिल्म

माझ्या आत्याला प्रयोगशाळेत सगळे 'कोरडीबाई' म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं तिनं तिथे बॅटरीसाठी पातळ फिल्म बनवल्या. पॉलिमरची पूड आणि लिथियमचं मीठ द्रावकात विरघळवायचं, सपाट बशीत ओतायचं, सुकलं की चिमट्यानं अलगद सोलायचं. आत पाण्याचा अंशही राहता कामा नये, हा तिचा हट्ट. घरच्या ओल्या टॉवेलवरूनही ती भांडण उकरून काढते.

फिल्म घट्ट असते, तरी तिच्यातून मिठाचे आयन, म्हणजे विजेचा भार वाहणारे कण, जातात. कसे, ते आत्या सांगते: पॉलिमरच्या लांब साखळ्या आतल्या आत वळवळत असतात, आणि आयन एकीचा हात सोडून दुसरीचा धरत पुढे सरकतो. गारठ्यात साखळ्या आखडतात, मग तोही रखडतो.

एकदा मात्र गार खोलीत आयन शंभरपट सहज वाहताना दिसले. विभागाचे सर हरखले, हा आकडा दाखवायला त्यांनी बाहेरच्या पाहुण्यांना बोलावणं धाडलं. आत्यानं चौकशी केली तेव्हा कळलं, सरांनीच ती फिल्म हवाबंद पेटीतून काढून दुपारभर टेबलावर ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. हे मीठ हवेतली ओल पितं. आयन पळत होते ते त्या पाण्यामुळे.

तिनं तसं सांगितलं. सर म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, नोंदवहीत त्या आकड्याखाली सही करा. तिचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं, आणि ते वाढवायचा कागद सरांच्याच टेबलावर पडला होता. घरी बाबांनी तिला मूग गिळून गप्प बसायला सांगितलं. मीही मान डोलावली, त्याची मला अजून लाज वाटते.

आत्यानं दोन दिवस ती फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवली आणि पाहुण्यांसमोर पुन्हा मोजली. आकडा गपगुमान नेहमीच्या जागी येऊन बसला.

पाहुणे गेल्यावर सरांनी कंत्राटाचा कागद तिच्यापुढे सरकवला. पहिल्या मोजणीच्या वेळी यंत्र बिघडलं होतं एवढंच वहीत लिहा, मी लगेच सही करतो, असं म्हणाले. आत्यानं वही ओढली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'यंत्र ठीक. फिल्म ओली. सरांनी बाहेर ठेवली होती.' खाली पूर्ण नावानिशी सही ठोकली.

सरांनी कागद मागे ओढला.

"ओढा की," आत्या म्हणाली. "तुमच्या सहीनं फिल्म वाळत नाही."