हळद फक्त पायाला

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या पालेगावात कुणाचा त्यावर विश्वास नाही. गाल लाल, नाक त्याहून लाल, उन्हातून आलो की बघायलाच नको. कुणाच्याही हळदीला गेलो की भाऊबंद डोळा मारणार, "काय रे, आधीच बसलास वाटतं?" तळपायाची आग मस्तकात जायची. आणि रागावलो की तोंड आणखी लाल!

त्यावर मीच अक्कल पाजळली. कॅम्प पाचच्या बाजारातल्या एका दुकानदाराने क्रीमची ट्यूब दिली, "लगाओ, एकदम साफ हो जायेगा." आठवड्यात चेहरा खरंच गुळगुळीत झाला. मी खूश! वर्षभर चोपडली. एकदा संपली, आणायची राहिली, तर तोंड असं पेटलं की आरशात बघवेना.

नेमकी तेव्हाच मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली. मुलाकडचे कुळगावचे. पोरीला मुलगा मनापासून आवडलेला. बाप बेवडा समजून त्यांनी नकार दिला तर? मी बायकोला म्हटलं, "पाहुणे आले की तुम्ही उरकून घ्या, मला ड्युटी आहे सांगा." पोरगी उसळली, "पप्पा नसतील तर मीपण बाहेर येणार नाही." आणि मला अंबरनाथला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

बाईंनी ट्यूब बघून कपाळावर हात मारला. "यात स्टिरॉइड आहे, काका. तुम्हाला रोझेशिया आहे, तोंड लाल करणारा कातडीचा आजार. न पिणाऱ्यांनाही होतो." ऐकून इतकं बरं वाटलं, की निम्मा आजार तिथेच गेला. ट्यूब बंद. जेल आणि गोळ्या सुरू, उन्हात टोपी, सनस्क्रीन, तिखट कमी, चहा गार करून. पूर्ण जाणार नाही, पण आटोक्यात राहील, म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी पाहुणे आले तेव्हा तोंड लालच होतं. मुलाची आई माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी मला राहवेना. कपाटातली रिकामी ट्यूब आणून समोर आपटली. "हे बघा, मी पीत नाही. हा कातडीचा आजार आहे आणि ह्या ट्यूबने वाढवलाय."

मुलाच्या आईंनी ट्यूब उचलून उलटसुलट बघितली. मग पदराने गालावरची पावडर पुसली. खाली माझ्यासारखेच लाल गाल!

"मीपण हीच लावते. घरात कुणाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या डॉक्टरबाई कुठे बसतात?"

लग्न ठरलं. हळदीपर्यंत आम्हा दोघांचे चेहरे बरेच निवले होते. विहीणबाई उष्टी हळद घेऊन आल्या, तेवढ्यात माझा चुलतभाऊ मूठभर हळद घेऊन माझ्या तोंडाकडे धावला, "आज तरी कबूल कर, किती घेतलीस?"

विहीणबाई मध्ये उभ्या राहिल्या. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझे व्याही पीत नाहीत. आणि हळद फक्त पायाला!"

मग आम्ही दोघं पिवळ्या पायांनी पंख्याखाली बसलो, चहा गार व्हायची वाट बघत.