पसंत, पुढं काय?

इंदूताई एकोणिसशे अठ्ठावन्न साली परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि त्याच वर्षी लग्न होऊन हिंदी मुलखातल्या मदन महल वस्तीत आल्या. दोन्हीकडे त्यांनी एकच नियम लावला: तीन मिनिटं. कामावर तीन मिनिटं झाली की "तीन मिनट हो गए, बढ़ाऊँ?" असं विचारायच्या, आणि उत्तर आलं नाही तर बोर्डावरची जोडणीची दोरी खट्कन उपटायच्या. घरी विचारायच्यासुद्धा नाहीत.

यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते यजमान रत्नाकरराव. गन कॅरेज फॅक्टरीतला हा सज्जन माणूस कुठलीही गोष्ट आभाळापासून सुरू करायचा. कमानिया गेटपाशी त्यांची सायकल हरवली आणि संध्याकाळी परतही आली. कशी आली, ते सांगायला त्यांनी "सकाळपासून ढग होते" इथून सुरुवात केली. गोष्ट पानाच्या दुकानापर्यंत पोचली न पोचली, तोच इंदूताई म्हणाल्या, "झाली तीन मिनिटं. हात धुवा, पानं वाढलीत." गोष्ट तिथंच राहिली, त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

मग त्यांच्या विनीताला अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला, पण पंधरा दिवस झाले तरी तिकडून निरोप येईना. पोरीचं जेवणावरचं मन उडालं. शेवटी रत्नाकररावांनी शेजारच्या बापूसाहेबांच्या फोनवरून कॉल बुक केला. बोर्डावर इंदूताईच होत्या. पलीकडे मुलाचे वडील भाऊराव, म्हणजे रत्नाकररावांची सवाई आवृत्ती.

"पाऊस पडून राहिला का जी तिकडे?"

"पडून राहिला न. तुमच्याकडे?"

पाऊस झाला, संत्र्याचा बहार झाला, आजीचे गुडघे झाले. इंदूताई श्वास रोखून ऐकत होत्या. त्या नादात तोंड "बढ़ाऊँ?" विचारायला विसरलं. हात विसरला नाही.

"तर सगळ्यांचं म्हणणं असं का, तुमची विनीता आम्हाला पसंत..."

खट्.

आपल्या भाषेत सगळा जीव शेवटच्या शब्दात असतो. पसंत आहे की पसंत नाही? अमरावतीची लाइन दिवसभर पुन्हा मिळाली नाही.

"आई, अपना ही कॉल काट दिया?" विनीता रडकुंडीला आली.

"तू काहून तोडलं, इंदू?"

"मी कुठं तोडलं जी? हातानं तोडलं!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून इंदूताई स्वतः बापूसाहेबांच्या फोनपाशी बसल्या. पाऊस, बहार, गुडघे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"दीदी, तीन मिनट हो गए," बोर्डावरची हेमलता मध्येच म्हणाली. "बढ़ाऊँ?"

"बढ़ाओ!"

सहाव्या मिनिटालाही बढ़ाओ. आठव्या मिनिटाला भाऊरावांचं ते "आहे" एकदाचं आलं, आणि विनीतानं तिथंच बापूसाहेबांच्या डब्यातल्या चार चकल्या संपवल्या.

घरी येऊन इंदूताईंनी चहा केला, दोन कप घेऊन नवऱ्यासमोर बसल्या.

"ती सायकल कशी सापडली होती जी?"

रत्नाकररावांची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली.

"तिकडे नका बघू."

त्यांनी घसा साफ केला. "सकाळपासून ढग होते..."