ज्याना डबा, त्याना हातमा

आक्का डबा पुढे करायची, पण सोडायची नाही. आपण कडी धरली तरी तीही धरून ठेवायची, आपल्या तोंडाकडे नीट बघायची आणि मगच बोटं सैल करायची. "ज्याना डबा, त्याना हातमा." ज्याचा डबा त्याच्या हातात. बाई अमळनेरकडची. सिल्वासात अर्धं आयुष्य गेलं, गुजराती-हिंदी सगळं शिकली, पण हे वाक्य तिने दुसऱ्या कुठल्या भाषेत म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

नियमाला अशी चिकटून बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. भूक लागलेली असताना तर नसतोच.

तिची खानावळ सिल्वासातल्या सामरवरणीत, आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत. जेवणारे बहुतेक धुळे-जळगावकडचे कामगार. मी नाशिकचा, एका प्लास्टिकच्या कारखान्यात एचआरला. मुलांच्या शाळेसाठी बायको पहिलं वर्ष नाशकातच थांबली, तेव्हा मी आक्काकडे डबा लावला. बायको इथे राहायला आली तरी तो बंद करणं माझ्याच्याने होईना. दुपारी कारखान्यात आक्काची शेवभाजी खायची आणि घरी येऊन 'आज कँटीनला भेंडी होती' म्हणायचं, असं चाललं होतं. पुढे दोघी भाजीबाजारात भेटल्या आणि आक्काने बायकोपाशी माझं तोंडभर कौतुक केलं, "तुमना साहेब दोन भाकरी खातस, वर भात मांगतस." त्यानंतर आमच्या घरी बरेच दिवस भेंडीच होती.

पूर्वी डबे गेटवर सिक्युरिटीपाशी ठेवत. मग भलत्याने भलत्याचा डबा खाल्ला की एखादा उपाशीच मशीनवर उभा राहायचा. अशाच एकाला चक्कर आली आणि त्याचं बोट गेलं. तेव्हापासून आक्का स्वतः स्कूटीवरून यायची आणि एकेकाच्या हातात डबा द्यायची. आमच्या जनरल मॅनेजरांनी एकदा आपला डबा आणायला शिपायाला पाठवलं. आक्काने त्याला तसाच परत धाडला. "जेवणार कोण, तू का तुझा साहेब?" साहेब स्वतः गेटवर आले, गळ्यात ओळखपत्र अडकवून. मी एचआरमध्ये असूनही ते त्यांनी घातलेलं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

रिकामे डबेसुद्धा तीच उघडायची, लोक सकाळी वर्तमानपत्र उघडतात तसे. कोणाचं पोट बिघडलंय, कोणाचं घरी फोनवर भांडण झालंय, सगळं तिला उष्ट्यातून कळायचं. "साहेब, गोड तसंच ठेवलं तुम्ही. डॉक्टरकडे जाऊन आले ना?" मी जाऊन आलो होतो. साखर निघाली होती. बायकोला अजून सांगायचं होतं.

आता भूषणचं सांगतो. भूषण पारोळ्याकडचा, तिशीतला, आमच्या पॅकिंग खात्यात. कारखान्यातून तांब्याची वायर चोरीला गेली आणि एके दिवशी पाळी सुटल्यावर गेटसमोरूनच त्याला 'विचारपूस' म्हणून गाडीत घालून नेलं. कोणत्या चौकीत ते लिहीत नाही. तिथले दोघे-तिघे आमच्याच सोसायटीत राहतात आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आम्ही मिळून मागवतो.

भूषण काम आमच्याकडे करायचा, पण कागदावर ठेकेदाराचा होता. आता चौकीत होता, पण कागदावर कुठेच नव्हता. मॅनेजर म्हणाले, "आपण मध्ये पडायचं नाही." ठेकेदार म्हणाला, "आ जाएगा, साब. दो-चार दिन में सब आ जाते हैं." मी चौकीला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "ऐसा कोई आदमी इधर नहीं है." मी थँक यू म्हणून फोन ठेवला.

आक्काचा प्रश्न साधा होता. "मग जेवतो कुठे तो?"

नेमकी तिची स्कूटी गॅरेजला होती, म्हणून माझ्या स्कूटरवरून आम्ही चौकीला गेलो. मी बाहेरच थांबलो, गाडीवर लक्ष ठेवायला. पोलीस चौकीच्या दारातून माझी स्कूटर कोण चोरणार, हे आक्काने विचारलं नाही, एवढा तिचा मोठेपणा. दार उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"भूषणचा डबा."

"कौन भूषण? इधर कोई भूषण नहीं है," हवालदार म्हणाले.

"ठीक शे. मी बसते."

ती बाकावर बसली. डबा मांडीवर घेतला आणि झाकण जरासं सरकवलं, भाजीची वाफ कोंडू नये म्हणून. शेवभाजीचा वास बाहेर माझ्यापर्यंत आला, म्हणजे आत काय झालं असेल याचा अंदाज करा. एक तरुण कॉन्स्टेबल पुढे झाला. "लाओ माजी, उसको दे देते हैं."

"कोणाला?" आक्काने विचारलं.

हवालदारांनी कॉन्स्टेबलकडे पाहिलं. कॉन्स्टेबलने पंख्याकडे पाहिलं. "मतलब… कोई होगा तो."

मला वाटलं, आता ती आपलं वाक्य म्हणणार. तिने नुसती कडी थोडा वेळ धरून ठेवली आणि डबा त्याच्या हातात सोडून दिला. माझ्या माहितीत डबा भलत्या हातात देण्याची ती पहिलीच वेळ. स्कूटरवर बसताना म्हणाली, "नेम पाळू का माणूस उपाशी ठेवू?"

दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घ्यायला गेलो. तिने तो तिथेच माझ्या स्कूटरच्या सीटवर उघडला. एका भाकरीचे काठ शिल्लक होते. "हा भूषण. काठ खात नाही, दाढ दुखते." मग तळाशी बोट फिरवून ती थबकली. ठेचा पुसून खाल्लेला होता. "ठेचा भूषणनं नाही खाल्ला. त्याला पोटात आग पडते. दुसरी भाकर काठासकट गेली. साहेब, आत अजून एक शे."

"हवालदाराने खाल्ली असेल," मी म्हणालो.

"हवालदार अर्धा डबा सोडतो का कोणासाठी?"

त्या दिवसापासून तिने दोन डबे न्यायला सुरुवात केली. एकात ठेचा जास्त. कॉन्स्टेबल दोन्ही घ्यायचा.

माझा मेव्हणा इथल्या कोर्टात वकील आहे. वकील म्हणजे मुख्यतः भाडेकरार. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि सांगितलं की धरलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. केलं नाही तर 'त्याला हजर करा' असा अर्ज कोणालाही देता येतो. इथे नाही जमलं तर मुंबईला हायकोर्टात जायचं. हे सगळं त्यालाही बऱ्याच वर्षांनी आठवल्यासारखं दिसलं.

"दुसऱ्याचं नाव?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. तिखट खातो," आक्का म्हणाली.

"आक्का, कोर्टात 'तिखट खाणारा इसम' असं लिहिता येत नाही."

"का बरं? शे ना तो आत? का नाव नाही म्हणून नाही तो?"

"तसं नाही, पण…"

"भूषणला निदान मी विचारणारी शे. त्याला कोणीच विचारत नाही. मग त्याचंच आधी लिही, दादा."

मेव्हण्याने बराच वेळ पेन हातात धरलं आणि लिहिलं, 'तसेच सोबत डांबून ठेवलेला, नाव-पत्ता माहीत नसलेला एक इसम.' ठेकेदाराला हे कळलं तेव्हा त्याने आपल्या सगळ्या माणसांचे डबे बंद करायला लावले. आक्काची निम्मी गिऱ्हाइकं गेली. मी चुकचुकलो तर म्हणाली, "भांडी कमी घासाय लागतात."

कोर्टात पोलिसांतर्फे सांगण्यात आलं की भूषण विचारपूस करून केव्हाच गेला आणि दुसरा कोणी इसम नव्हताच. मॅजिस्ट्रेटांनी आक्काला विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तिने डब्याचं सांगितलं. ते म्हणाले, डबा कोणीही खाऊ शकतं.

"तेच तर, साहेब," आक्का म्हणाली. "डबा कोणीही खातो. म्हणून मी ज्याच्या त्याच्या हातात देते. मला तिथे न्या, नाहीतर त्यांना इथे आणा. मी माझ्या डोळ्यांनी बघते आणि हातात देते. दुसरं माझं काही मागणं नाही."

मेव्हण्याने याचं इंग्रजी केलं. ते बरंच लांबलं आणि त्यात दोन कलमं होती, पण मॅजिस्ट्रेटांनी तोवर लिहायला सुरुवात केली होती. दोघांना दुपारपर्यंत हजर करा.

दुपारी भूषण आला. लंगडत आला, खाली बघत आला, पण आला. त्याच्याविरुद्ध काहीच नसल्याने संध्याकाळी तो सुटला आणि पारोळ्याला जो गेला तो परतला नाही. पण त्या दुपारी दारातून त्याच्या मागोमाग दुसरं कोणी आलं नाही. आक्का दाराकडे बघतच राहिली.

"तो?" तिने भूषणला विचारलं.

"सकाळीच नेलं त्याला. कुठे ते माहीत नाही. त्याची भाषा मला कळत नव्हती, आक्का. उडिया असेल, बंगाली असेल. पुढे पुढे मी काठ सोडायचो ते पण खायचा."

भूषणपुरता अर्ज निकाली निघाला. दुसऱ्या इसमापुरता मॅजिस्ट्रेटांनी तो ठेवून घेतला आणि अहवाल मागवला. अहवाल येतो. 'चौकशी चालू आहे.' मग तारीख पडते.

आक्का त्यानंतरही काही दिवस चौकीत एक डबा नेत राहिली. कॉन्स्टेबल काकुळतीला आला. "माजी, सच में कोई नहीं है."

"मागे पण असंच म्हटले होते तुम्ही."

मागच्या थंडीत आक्का गेली. सकाळी चूल पेटलेली दिसली नाही म्हणून शेजारणीने दार ठोठावलं. पुढच्या तारखेला सरकारी वकील म्हणाले, अर्जदार मयत आहे, अर्ज निकाली काढावा. मेव्हणा वळून माझ्याकडे बघायला लागला. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "एवढं जेवलात तिच्याकडे चोरून. आता सही करा."

तर सध्या अर्जदार मी आहे. मॅनेजरांना हे माहीत आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि मी विचारायला गेलेलो नाही. तारखेला रजा टाकतो, कारण 'घरगुती' असं लिहितो आणि कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहतो. पट्टेवाला बाहेर येऊन आधी माझं नाव पुकारतो. मग कागद जरा लांब धरतो आणि तितक्याच मोठ्याने पुकारतो, "नाम-पता मालूम नहीं ऐसा इसम… हाजिर है?" तीनदा पुकारतो. व्हरांड्यातली माणसं एकमेकांकडे बघतात.

मागच्या तारखेला तिसऱ्या पुकाऱ्याला कोपऱ्यातला एक माणूस उठला. तो पाणी प्यायला निघाला होता. पाणी पिऊन तो परत जागेवर बसेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो, तिखट खाणारा वाटतो का ते.