ट्रेनमध्ये चढण्याआधी

सिडनीतल्या पेंडल हिल स्टेशनवर ती आजी रोज सकाळी दिसायची. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल आणि हाताशी सहा वर्षांची नात. चालता चालता ती मधेच थांबायची आणि नातीकडून एकेक शब्द वदवून घ्यायची.

एकदा न राहवून मी विचारलं, ही कुठली भाषा?

"उदमुर्त. रशियातली," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "बाकाकडे निघालं की शब्दाचा शेवट वेगळा, बाकापर्यंत पोचलं की वेगळा."

म्हणजे थेट आपल्यासारखंच की! पण माझा मुलगा माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतो, हे मी तिला सांगितलं नाही.

तेवढ्यात ट्रेन आली. आजीने तिच्याकडे बोट दाखवलं, तर 'ट्रेनमध्ये' हे नातीने सरळ इंग्रजीत सांगून टाकलं. आजी जागची हलली नाही. दारं बंद झाली, ट्रेन गेली. बघत उभा राहिलो म्हणून माझीही गेली.

"तिला शाळेला उशीर होईल," मी म्हणालो.

"शाळा उद्याही असेल," ती म्हणाली. "मी असेनच असं नाही."

पुढच्या ट्रेनला नात तो शब्द त्यांच्या भाषेत पुटपुटली. आजीने मान हलवली आणि दोघी चढल्या.

संध्याकाळी आमच्या फ्लॅटच्या दाराशी मुलगा म्हणाला, "डॅड, ओपन द डोअर ना."

किल्ली मुठीत धरून मी दाराला पाठ टेकली.

"मराठीत सांग."

त्याने दप्तर खाली ठेवलं आणि तो माझ्याकडे रोखून बघायला लागला. मीही लॅपटॉपची बॅग खाली ठेवली.